पालावरची मुलं आणि आपलं देऊळ

प्रश्न असा आला आहे: "पाळकसाहेब, जय ख्रिस्त. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात संडे स्कूल शिकवते. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला पारध्यांची काही पालं आहेत. दिवाळीनंतर तिथली चार-पाच मुलं आपणहून वर्गात येऊन बसायला लागली. मागच्या महिन्यात अर्पणाच्या थैलीत पैसे कमी निघाले आणि सगळ्यांची बोटं त्या मुलांकडे वळली. पंच म्हणतात, नाताळला पालावर जाऊन कपडे आणि खाऊ वाटू, पण मुलं देवळात नकोत. मी त्यांच्याशी भांडते खरी, पण ती मुलं आत आली की माझाही हात पर्सवर जातो. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट शिकवणाऱ्या बाईचं हे असं. मनातला हा आकस जायचा कसा?"

ताई, जय ख्रिस्त.

आधी पैशांचं उरकून घेऊ, ते सोपं आहे. थैलीत पैसे कमी निघाले म्हणजे कशापेक्षा कमी? अर्पणाचा आकडा दर रविवारी वेगळा असतो. पाऊस असला, गावात लग्न असलं की निम्मं देऊळ रिकामं. थैली फिरवल्यावर ती लगेच मोजली गेली होती का, मोजताना दोन माणसं होती का, वहीत दोघांच्या सह्या झाल्या होत्या का? यातलं काहीच झालं नसेल, तर पैसे गेले हे कुणालाच माहीत नाही, फक्त कुणी नेले तेवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या रविवारपासून उपासना संपल्याबरोबर वेदीजवळच दोन जणांनी मोजायचं, वहीत लिहायचं, सह्या करायच्या. पारध्यांची मुलं येवोत न येवोत, प्रत्येक मंडळीत हे असायलाच हवं. खजिनदाराच्या अब्रूसाठीही ते बरं.

आता पर्सवर जाणारा हात. तुम्ही लाजून लिहिलंय, पण तो हात एकट्या तुमचा नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, पास असल्याशिवाय हलायचं नाही. काही ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत राहायचं. सोलापुरात त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं तो चालूच होता. तो गेला आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पालाकडे वळायची सवय त्यातूनच आली. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना सहसा सांगितली जात नाही. त्या कुंपणाच्या वसाहती चालवायला सरकारने मिशनरी संस्थाही घेतल्या होत्या, मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) त्यात मोठी. म्हणजे आत शाळा, कामधंदा, प्रार्थना, भजन, आणि फाटकावर हजेरी. दया होती, मी नाही म्हणत नाही. पण जिच्यावर दया करायची ती माणसं कुंपणाच्या आत आणि करणारे बाहेर, अशी ती दया होती.

तुमच्या पंचांचा ठराव त्याच जातीचा आहे. पालावर जाऊन वाटू, देवळात नको. वाईट माणसं नसतात ही. मी अशा पंचांबरोबर सगळं आयुष्य काढलंय. स्वतःच्या खिशातून ब्लँकेटं घेऊन देतील, दवाखान्यात रात्रभर बसतील. पण देणारा हात वर आणि घेणारा खाली, हे मोडलेलं त्यांना चालत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. आकस देण्याने जात नाही. वर्षानुवर्षं वाटप करून माणसं जशीच्या तशी राहिलेली मी पाहिली आहेत, काही तर जास्त टणक झालेली. आकस हलतो तो त्या माणसाच्या हातून आपण काहीतरी घेतो तेव्हा. पाणी, चहा, भाकरी, मदत, सल्ला, उपकार. आपल्याकडे हे कळायला पोथी लागत नाही. या मुलखात जात पाळली गेली ती पाण्यावर आणि पंगतीवर. महार-मांगांना दान द्यायला कुणाची हरकत नव्हती, भाकरीचा तुकडा वरून टाकतच होते. हरकत होती त्यांच्या हातचं घ्यायला. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा, आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं तेव्हा, वाद दयेचा नव्हताच. एकाच पाण्याला दोघांचे हात लागण्याचा होता.

आता शास्त्र उघडून याच नजरेने वाचा. तुम्ही शोमरोन्याची गोष्ट मुलांना शिकवता ती बहुधा अशी: वाटेत जखमी दिसला तर मदत करावी. बरोबर आहे, पण येशूने ती ज्या शास्त्र्याला सांगितली तो यहूदी होता हे त्यात हरवतं. यरुशलेमेहून यरीहोला उतरणारा तो घाट, दरोडेखोरांचा. पडलेला माणूस ऐकणाऱ्याच्याच लोकांपैकी. म्हणजे गोष्ट ऐकताना शास्त्र्याने स्वतःला त्या खड्ड्यात पाहायचं होतं, आणि वर वाकलेला चेहरा शोमरोन्याचा. ज्यांच्या गरिज्जीम डोंगरावरचं मंदिर यहूदी राज्यकर्त्याने ख्रिस्तापूर्वी शंभरेक वर्षं आधी पाडलं, ज्यांचा विटाळ मानला जायचा, त्यांच्यातल्या एकाचं तेल, त्याचा द्राक्षारस, त्याचं जनावर आणि त्याचे दोन दीनार. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शास्त्र्याचा प्रश्न 'माझा शेजारी कोण', म्हणजे 'मी कुणाला मदत करू', असा होता. उत्तरात मदत करणारा दुसराच निघाला. हीच गोष्ट तुमच्या वर्गात एकदा उलटी सांगून बघा. नगर रस्त्यावर आपल्या मंडळीतल्या कुणाची मोटरसायकल घसरली, पाळकांची गाडी पुढे गेली, पंचांची जीप पुढे गेली, आणि पालावरचा एक माणूस थांबला. मुलांचे चेहरे पाहा. मोठ्यांच्या वर्गात सांगाल तर त्यांचेही.

लूकाने ही गोष्ट दहाव्या अध्यायात घातली आहे. नवव्याच्या शेवटी काय आहे ते आपण वाचतो आणि विसरतो. शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला उतरू दिलं नाही, तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान म्हणाले, प्रभुजी, आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा असं आम्ही म्हणावं का? येशूने त्यांना धमकावलं आणि सगळे दुसऱ्या गावाला गेले. पुढे प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शोमरोनात लोकांनी वचन स्वीकारलं असं कळल्यावर यरुशलेमेतून दोघांना पाठवलं जातं. एक पेत्र, दुसरा योहान. ज्याने त्यांच्यासाठी आग मागितली होती तोच त्यांच्या डोक्यांवर हात ठेवून प्रार्थना करतो. मधे किती काळ गेला असेल? काही वर्षं असतील. म्हणून म्हणतो, पर्सवर गेलेल्या हाताने घाबरून जाऊ नका. वेळ लागतो.

विहिरीवरची बाई तर तुम्हाला पाठ असेल. तिथे येशू काय देतो याची प्रवचनं आपण शेकड्यांनी ऐकली, जिवंत पाणी वगैरे. सुरुवात मात्र त्याच्या मागण्याने आहे: मला प्यायला दे. पोहरा तिचा, हात तिचे, जात शोमरोनी. तीच चकित होऊन विचारते, तुम्ही यहूदी असून माझ्याकडे पाणी कसं मागता? मराठी बाईला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही, अमेरिकेतल्या माणसाला लागतो. आणि मग तो त्या गावात दोन दिवस राहिला, म्हणजे दोन दिवस त्यांच्याकडे जेवला.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पेत्र. कृत्ये दहा आणि अकरा. पेत्र यापोत कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. गावकुसाबाहेर, समुद्राकाठी, वासाचं घर. म्हणजे तो काही अगदीच सोवळ्यातला राहिला नव्हता. तरी निषिद्ध जनावरांनी भरलेली चादर आकाशातून उतरते आणि देव 'खा' म्हणतो, हे दर्शन तीनदा व्हावं लागलं. मग कर्नेल्य नावाच्या रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याची माणसं दारात आली, त्यांना त्याने आत घेऊन पाहुणचार केला, दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कैसरियाला गेला, बोलला, पवित्र आत्मा उतरला, बाप्तिस्मे झाले. एवढं सगळं झाल्यावर यरुशलेमेत परत आला तेव्हा त्याला जाब कशाचा विचारला, ते वाचा. बाप्तिस्म्यांचा नाही, पवित्र आत्म्याचाही नाही. 'तू सुंता न झालेल्या माणसांकडे जाऊन त्यांच्याबरोबर जेवलास.' बातमी आधी कशाची पोचली? जेवणाची. आपल्या गावातही तसंच झालं असतं.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण पौलाने गलतीकरांना जे लिहिलंय तेही तुमच्याच उपयोगाचं आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, एकाच पंगतीला जेवत होता. मग यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब (हा योहानाचा भाऊ नव्हे) याच्याकडून काही जण आले आणि हा मागे सरकला, वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी, बर्णबासुद्धा. दर्शन झालं होतं, कर्नेल्याच्या घरी राहून झालं होतं, यरुशलेमेत त्याने सगळ्यांसमोर साक्षही दिली होती. तरी आपल्या लोकांचे डोळे आपल्याकडे लागले की पाय मागे जातो. अनोळखी माणसाची भीती थोडी, आपल्या माणसांच्या नजरेची भीती मोठी. तुमच्या देवळातले बरेच जण एकटे असताना त्या मुलांशी नीट बोलतील. पंचांसमोर नाही. पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत सुनावलं. तुम्ही तसं करू नका. तुम्ही पौल नाही आणि पंच पेत्र नाहीत. त्यावर शेवटी बोलतो.

आता तुम्ही म्हणाल, आणि मुलांपैकी एखाद्याने खरंच पैसे घेतले असतील तर? असू शकतं. आपल्या मंडळीतल्या मुलानेही घेतले असू शकतात, ते आधी धरा. तरी समजा घेतले. मग यरीहोच्या जक्कय जकातदाराकडे बघा. तो लबाडीने पैसे काढायचा हे अख्ख्या गावाला माहीत होतं. येशू त्याला झाडाखाली थांबून काय म्हणाला? आज मला तुझ्या घरी उतरायचंय. आधी सुधार, मग येतो, असं नाही. लोक कुरकुरले, पापी माणसाच्या घरी उतरायला गेला. चौपट परत देण्याची भाषा त्या कुरकुरीनंतर आली. चोराकडचाही पाहुणचार येशूने घेतला, आणि त्यानंतर चोर बोलू लागला. चोरी पोटात घाला असं मी सांगत नाही. थैली सांभाळायची, मुलाने घेतले हे कळलं तर त्याला बाजूला घेऊन, त्याच्या आईसमोर, शांतपणे विचारायचं. सगळ्यांसमोर खिसे तपासायचे नाहीत. आणि पोलिसांचं नाव तर अजिबात काढायचं नाही. पारध्याच्या पोराला पोलिसाचं नाव म्हणजे काय असतं, याचा अंदाज आपल्याला येणार नाही.

आपल्या मंडळीची एक गोष्ट पंचांना आठवण करून द्यायला हरकत नाही, पण प्रेमाने. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक मंडळ्या कुठून उभ्या राहिल्या? महारवाड्यातून, मांगवाड्यातून. त्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या विहिरीवर चढू दिलं नव्हतं. आजही १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. शीख १९५६ मध्ये त्यात आले, बौद्ध १९९० मध्ये, ख्रिस्ती अजून बाहेर. म्हणजे बाहेर ठेवलं जाणं काय असतं हे या लोकांना कुणी शिकवायला नको. लेवीयाच्या एकोणिसाव्यात देव इस्राएलाला हेच सांगतो: परक्यावर आपल्यासारखीच प्रीती करा, कारण तुम्ही मिसर देशात परके होता. मला मात्र अनुभवाने असं दिसलंय की सोसलेलं आपोआप मऊ करत नाही. उलट कधी कधी, आपण एक पायरी चढलो आहोत हे पटवायला खालच्या पायरीवर कुणीतरी लागतं. आपल्याच मंडळ्यांत जुन्या जातींच्या भिंती सोयरिकीच्या वेळी कशा उभ्या राहतात ते तुम्हीही पाहिलं असेल. हे फक्त आपल्याकडचं आहे असं नाही. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतून जातिभेद पूर्ण काढा असं पत्र काढलं, तेव्हा तंजावरकडच्या कित्येक ख्रिस्ती लोकांनी ते मानायला साफ नकार दिला.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण मी तरुणांना नेहमी देतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षं त्यांनी आपलं सोवळं सांभाळलं, आणि मग ते एकेक करत सोडलं. किती हसत, किती रडत, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. नवऱ्याचं मन बदललं म्हणून त्यांचं बदललं नाही. त्यांना आपल्या वेगाने जाऊ दिलं गेलं.

पण घेण्याबद्दल बोलायचं तर केडगावच्या पंडिता रमाबाईंसारखं कुणी नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं ते उच्चवर्णीय विधवांसाठी, तिथले जातीचे नियम सांभाळून. पुढे ते पुण्याला आलं. मग १८९६-९७ चा दुष्काळ. रमाबाईंचे आईवडील स्वतःच दुष्काळी उपासमारीत गेले होते, त्यामुळे ही बातमी त्यांना पेपरातली वाटली नसेल. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, बाया घेऊन आल्या. वेगळ्या जाती, वेगळी बोली, अंगावर रोग, डोक्यात उवा. केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभं राहिलं ते यांच्यासाठी. इथवर सगळे सांगतात. मला पुढचं मोलाचं वाटतं. रमाबाईंनी त्यांना नुसतं जेवू घातलं नाही, कामाला लावलं: दूधदुभतं, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. मूळ इब्री आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी जे मराठी बायबल केलं, ते केडगावच्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी खिळे जुळवून छापलं. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, पुस्तक त्यानंतर निघालं. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्या हातून रमाबाईंनी देवाचं वचन घेतलं. वाटप करून परत गेल्या असत्या तर हे झालं नसतं.

माझ्या एका मंडळीतला प्रसंग सांगतो. तिथेही असाच वाद होता. सगळ्यात कडक विरोध करणारे एक पंच डाळिंबाचे बागायतदार. त्यांच्या बागेची राखण वर्षानुवर्षं एक पारधी जोडपं करत होतं. मोटरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे, तोडणीच्या वेळी लाखोंचा माल त्यांच्या डोळ्यांखाली. मीटिंगमध्ये मी एवढंच विचारलं की बाग कुणाच्या भरवशावर आहे. ते गप्प बसले आणि मग म्हणाले, बाग वेगळी आणि देऊळ वेगळं. खरं सांगायचं तर मला ते उत्तर प्रामाणिक वाटलं. बागेत तो चाकर, देवळात तो भाऊ झाला असता, आणि भाऊ म्हणणं अवघड. मत त्यांनी विरोधातच दिलं. पण पुढच्या हंगामात त्यांच्या बायकोने त्या राखणदाराच्या बायकोकडून दम्यावर कसलातरी पाला आणला, त्यांच्या चुलीवरचा कोरा चहा घेतला, आणि घरात बोलणं सुरू झालं. पाल्याने दमा गेला नाही, हेही सांगायला हवं. त्यासाठी इन्हेलरच लागला.

तर तुम्ही काय करायचं. एखाद्या दुपारी मंडळीतल्या आणखी एका बाईला बरोबर घेऊन पालावर जा. एकट्या नको आणि घोळक्यानेही नको. हातात काही नेऊ नका. हे अवघड जाईल, आपल्याला रिकाम्या हाताने कुणाकडे जायची लाज वाटते. तरी नेऊ नका. मुलं वर्गात येतात, त्यांचे आईबाप कोण ते भेटायला आले, असं सांगा. बसा म्हणतील तिथे बसा. चहा, पाणी काय देतील ते घ्या. देणार नाहीत कदाचित, तुम्ही घ्याल असं त्यांना वाटणार नाही. मग मागा. त्या चहाची चव कशी लागते यावर तुमचं अर्धं उत्तर आहे, पण ते मला सांगू नका.

दुसरं, त्यांच्याकडून शिका. पारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची आहे. आपल्या उपासनेचं पुस्तकी मराठी त्या मुलांना निम्मं कळत नसेल, आणि म्हणून ती चुळबुळ करत असतील. वर्गात त्या मुलांनाच विचारा, पाण्याला काय म्हणता, आईला काय म्हणता. सगळ्या वर्गाने ते म्हणायचं. पाखरांची, जनावरांची त्यांची माहिती आपल्या मुलांना नसते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर फासे लावायचा धंदा गेला, पण माळावरचं ज्ञान म्हाताऱ्यांकडे अजून आहे. उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकवताना तेच उपयोगी पडेल. एका रविवारी त्यांच्यातल्या मोठ्या मुलाला घंटा वाजवायला सांगा. ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावर काम सोपवलं की संशयी माणसंही गोंधळतात.

तिसरं, आईबापांची परवानगी. सध्याच्या दिवसांत हे फार काटेकोर ठेवा. मुलांना खाऊचं आमिष दाखवून देवळात नेतात असा बोभाटा व्हायला वेळ लागत नाही, आणि खरं तर आमिष दाखवणं आपल्याच धर्माला शोभत नाही. शोमरोन्याने जखमी माणसाला धर्म विचारला नाही आणि बरं झाल्यावर हा आमच्या डोंगरावर येईल असा करारही केला नाही. मुलांनी वर्गात यावं की नाही हे त्यांच्या आईबापांनी ठरवायचं. ते नको म्हणाले तर मुलं देवळात नकोत, पण तुमचं पालावर जाणं थांबता कामा नये. त्यांच्या घरात त्यांचे देव असतात, त्यांवर एक शब्द बोलायचा नाही.

चौथं, मदत करायचीच असेल तर कपड्यांपेक्षा कागदांची करा. जन्माचा दाखला, आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला यांसाठी त्या माणसांना तहसीलच्या किती फेऱ्या पडतात आणि तिथे त्यांच्याशी कसं बोललं जातं ते एकदा बरोबर जाऊन बघा. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्या नुसत्या शेजारी उभं राहण्याने कारकुनाचा आवाज खाली येतो. शाळेत घालायचं असेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा पुरावा नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांना ते नम्रपणे दाखवा.

आणि पंच. सभेत वचनांचा मारा करू नका, त्यांना आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात. देवळात प्रवेशावर मतदान तर घेऊच नका. देऊळ कुणासाठी उघडं हा मताचा विषय झाला की हरलात तरी वाईट, जिंकलात तरी वाईट. त्याऐवजी त्यांचा ठराव थोडासा वाकवा. नाताळला पालावर जायचंय ना, चांगलं आहे, जाऊ. फक्त वाटून परत यायचं नाही, तिथेच जेवायचं. स्वयंपाक दोघांनी मिळून करायचा, शिधा दोन्हीकडचा, चूल त्यांची. जे पंच म्हणतील आम्ही येतो पण जेवत नाही, त्यांना आग्रह करू नका, रागावूही नका. यरुशलेमेतल्या भावांनी पेत्राला नेमकं जेवणावरून धरलं होतं आणि सगळं ऐकल्यावर तेच गप्प झाले. तुमचेही कुणी होतील, कुणी होणार नाहीत.

नाताळच्या वर्गणीसाठी तुमचे तरुण पावतीपुस्तक घेऊन फिरतीलच. या वेळी त्यांना पालावरही पाठवा, पण मागायला. दहा रुपये देतील, जळणाची मोळी देतील, एखादा म्हणेल माझ्याकडे आत्ता काही नाही, मांडवाच्या रात्री राखणीला येतो. जे देतील ते घ्या, पावती फाडा, नाव विचारून नीट लिहा. वर्गणीदारांची यादी दरवर्षी देवळाच्या दारावर लागते, तीत ती नावं वेगळ्या मथळ्याखाली न घालता बाकीच्यांमध्येच, अकारविल्हे घाला.